पाचारण ओळखायचं कसं? तरुण संघाच्या शिबिरासाठी ठोस माहिती हवी आहे

शालोम_पुणे
सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या तरुण संघाचं दोन दिवसांचं शिबिर ठरतंय, विषय 'माझं पाचारण', म्हणजे देव मला कुठल्या कामासाठी बोलावतोय. येणारी मुलंमुली २० ते २८ वयाची. बरीचशी हिंजवडी-खराडीला नोकरीत, काही नर्सिंगला. या विषयावर नेहमी बाल शमुवेल आणि यशयाचा सहावा अध्याय घेतला जातो, शेवटी 'कोण जाईल?' असं विचारून हात वर करायला लावतात. हात वर केलेल्यांचं पुढे काय करायचं, हे कुणीच ठरवलेलं नसतं. या वेळी तसं नको आहे.

समजा एखाद्याच्या मनात पूर्णवेळ सेवेचा (पाळक, फादर किंवा धर्मभगिनी होण्याचा) विचार सहा महिने घोळतोय. त्यानं सोमवार सकाळपासून नेमकं काय करावं? काय लिहावं, कुणाला विचारावं, किती थांबावं? आणि हा विचार देवाकडून की आपल्याच मनातून, हे कशावरून पारखायचं? कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), स्वतंत्र मंडळ्या, कुठल्याही परंपरेतलं चालेल.

रामवाडी
जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस, याच्या पद्धतीत तुमच्या 'सोमवारी काय करावं'ला सरळ उत्तर आहे. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि हा सरदार कित्येक महिने अंथरुणाला खिळला. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एक दरबाराचं, पराक्रमाचं, एका थोर घराण्यातल्या स्त्रीचं मन जिंकण्याचं. दुसरं संतांसारखे उपवास करत यरुशलेमला जाण्याचं. रंगवताना दोन्ही सारखीच गोड लागायची. फरक नंतर कळायचा. पहिल्यानंतर मन कोरडं आणि असमाधानी व्हायचं, दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिकून राहायची. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो, हे बघायला तो इथं शिकला.

त्यासाठी एक वही करायची. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं. अगदी झोपायच्या वेळी नको, डोळे मिटतात. क्रम ठरलेला आहे: दिवसातल्या नेमक्या गोष्टींसाठी आभार, स्वतःला ओळखण्यासाठी कृपा मागणं, सकाळपासून तासातासानं दिवस तपासणं, क्षमा मागणं, उद्यासाठी निश्चय. मग दोन-तीन ओळी लिहायच्या: कशामुळे देवाकडे आणि माणसांकडे ओढला गेलो, कशामुळे स्वतःतच मिटलो. शिबिरात दाखवायला नमुना देतो:

'मंगळवार. ससूनमध्ये रुग्णभेट, दीड तास. जाताना कंटाळा. परतताना थकवा, पण कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा डोळ्यांसमोरून हलेनात. बसमध्ये त्यांच्यासाठी आपोआप प्रार्थना झाली.'

'रविवार. उपासनेत साक्ष दिली, सगळ्यांनी वाखाणलं. संध्याकाळभर फोन उघडून कोण काय म्हणालं ते बघणं. रात्री प्रार्थनेला बसवेना.'

दोन्ही नोंदी सेवेच्याच आहेत. दुसरीसारख्या पाच-सहा निघाल्या, तर ओढ सेवेची आहे की कौतुकाची, हे विचारायला हवं. आणि मागची पानं महिनाभर वाचायची नाहीत, मग एकदम वाचायची. रोज चाळत बसलं की माणूस हवा तोच निष्कर्ष निघेल अशा नोंदी करू लागतो.

तंबूवाला
वहीची पद्धत उत्तम. पण मूळ प्रश्नातल्या 'पूर्णवेळ सेवा' या शब्दांवर माझा आक्षेप आहे. बाकीचे काय अर्धवेळ ख्रिस्ती आहेत? ल्यूथरचा सारा झगडा याच मुद्द्यावर होता, की मठातली व्रतं घेणारा देवापुढे वरच्या पायरीवर आणि शेत नांगरणारा किंवा मूल सांभाळणारी खालच्या, असं काही नसतं. पौल करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत होता (प्रेषितांची कृत्ये १८). करिंथकरांना तो लिहितो, की ज्या स्थितीत पाचारण झालं तिच्यातच राहा.

म्हणून पहिल्या दिवशी आजच्या कामाबद्दल विचारा. माझ्या कामामुळे नेमकं कुणाचं ओझं हलकं होतं? कुणी बघत नसतानाही कुठलं काम मी नीट करतो? लोक आपणहून माझ्याकडे काय घेऊन येतात? या नोकरीत मला कुठलं खोटं बोलावं लागतं? खराडीच्या टेस्टरलाही या प्रश्नांची उत्तरं असतात आणि बऱ्याचदा पाचारण तिथंच सापडतं.

आणखी एक तपासणी. नोकरीतली तक्रार उद्या मिटली असं धरा: साहेब बदलला, पगार वाढला, रात्रपाळी गेली. तरीही ओढ शिल्लक राहते का? नाही राहिली, तर तो नोकरीला कंटाळलेला आहे. रेझ्युमे पाठवायचा सोडून असा मुलगा सेमिनरीचा (पाळक-फादर घडवणाऱ्या विद्यालयाचा) फॉर्म भरतो आणि दुसऱ्या वर्षी तिथूनही बाहेर पडतो.

साधा_श्रोता
एवढा व्याप कशाला? प्रार्थना करावी, मनाला शांती मिळाली की ती देवाची इच्छा समजावी.

जुना_सभासद
साधा_श्रोता, शांती हा एकमेव निकष धरला तर पवित्र शास्त्रातच अडचण येते. योना देवाच्या आज्ञेपासून पळत होता आणि वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. उलट वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू पित्याची इच्छा पूर्ण करायला निघाला होता आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. निर्णय एकदाचा झाला म्हणून सुटल्यासारखे वाटते, त्यालाही आपण शांती म्हणतो. ती चुकीच्या निर्णयानंतरही मिळते.

रामवाडी
योनाचं उदाहरण शिबिरात नक्की घ्या. इग्नेशियस ज्याला सांत्वन म्हणतो त्याची खूण म्हणजे विश्वास, आशा आणि प्रीती वाढणं. नुसतं निवांत वाटणं पुरत नाही. पापांबद्दल रडू येणं हेसुद्धा तो सांत्वनातच धरतो. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याची फळं समोर ठेवून घरच्यांना विचारा: हा विचार डोक्यात आल्यापासून हा मुलगा आईशी, धाकट्या बहिणीशी जास्त सहनशील झालाय की चिडका? त्यांना लगेच सांगता येतं.

त्याचे तीन नियम मुलांना पाठच करायला द्यावेत. एक, मन कोरडं आणि निराश असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. आधी ठरलं होतं त्यावर टिकायचं आणि प्रार्थना थोडी वाढवायची. दोन, खऱ्या सांत्वनाचा क्षण वेगळा आणि त्यानंतरची ऊब वेगळी. त्या उबेत माणूस स्वतःच्या योजना आखतो आणि त्यांवर देवाचा शिक्का मारतो. कुठं जायचं, कधी राजीनामा द्यायचा, असले तपशील बहुधा या दुसऱ्या वेळातले असतात, ते वेगळे तपासावे लागतात. तीन, जो विचार मार्गदर्शकापासून लपवावासा वाटतो तो सगळ्यात आधी सांगायचा.

देवाच्या मार्गावर पुढे चाललेल्या माणसाला चांगली प्रेरणा स्पंजात पाणी मुरावं तशी हळुवार शिरते आणि वाईट प्रेरणा दगडावर पाणी आपटल्यासारखी, असंही त्यानं लिहिलंय. 'आत्ताच्या आत्ता, नाहीतर संधी गेली' अशी घाई आतून होत असेल तर थांबावं.

निशिगंध
स्वतःला ओळखण्याबद्दल लिहिते, कारण प्रार्थना भरपूर करूनही घोटाळा होतो तो बहुतेक इथंच.

आपल्याकडे फार वेळा दिसणारी गोष्ट म्हणजे आईचा नवस. मूल आजारी होतं, वाचलं तर देवाला देईन म्हणून आई बोलली, हन्नाचा (नवसानं झालेला शमुवेल देवाला वाहणाऱ्या आईचा) दाखलाही दिला. मुलाला हे लहानपणापासून ऐकवलं जातं आणि विशीत त्याला ते स्वतःचंच पाचारण वाटू लागतं. कॅथलिक धर्मनियम याबाबत स्पष्ट आहे: नवस ज्यानं केला त्यालाच बांधतो (नियम ११९३). मुलाला नाही. गुरुदीक्षेसाठी (फादर होण्याच्या दीक्षेसाठी) कुणावरही कुठल्याही प्रकारे जबरदस्ती करता येत नाही, हेही तिथं लिहिलंय. हे शिबिरात मोठ्यानं वाचून दाखवा. मात्र आयांनी असं का बोललं असेल, हे प्रेमानं समजून घेऊन.

दुसरं, घरची जबाबदारी. मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' म्हणून आईबापांना लागणारा पैसा देवाच्या नावे करणाऱ्यांना येशू खडसावतो. वडिलांचं डायलिसिस चालू आहे आणि कमावता एकटाच, तर आधी त्याची सोय. डोक्यावर न फेडता येणारं कर्ज असलेल्याला नवदीक्षेत (व्रतं घेण्याआधीच्या चाचणीच्या काळात) घेऊ नये, असा नियम आहे (६४४). शैक्षणिक कर्ज, बाईकचे हप्ते, मित्रासाठी जामीन राहिलेलं, सगळं एका कागदावर मांडा. लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चच काढतो.

तिसरं, हेतू. वहीच्या शेवटच्या पानावर एक वाक्य पुरं करायचं: 'मी हे केलं तर लोक मला … म्हणतील.' रिकाम्या जागी काय येतं आणि ते लिहिताना कसं वाटतं, तेही लिहायचं. आदर, परदेशवारी, इंग्रजी, राहण्याची सोय, लग्नाच्या कटकटीतून सुटका, हे हेतू निघाले म्हणून पाचारण खोटं ठरत नाही. कुणाचाच हेतू शंभर टक्के शुद्ध नसतो. पण माहीत नसलेला हेतू पुढे नेमणुकांच्या वेळी आणि बदलीच्या वेळी डोकं वर काढतो.

साधा_श्रोता
शांतीबद्दलचं पटलं. पण खूण मागायला काय हरकत आहे? गिदोनानं देवाची खूण मिळावी म्हणून रात्री अंगणात लोकर ठेवलीच होती, दव कुठं पडतं ते बघायला. बायबल उघडून समोर येईल ते वचन घेणारे तर कितीतरी आहेत.

अंत्युखिया
गिदोनाला काय करायचं ते लोकर ठेवायच्या आधीच सांगितलं होतं. शास्ते ६:३६ मध्ये 'तू म्हटल्याप्रमाणे' असं तोच म्हणतो. लोकर ठेवली ती विश्वास कमी पडला म्हणून, आणि देवानं त्याला दया दाखवली. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या, पण त्या पन्नासाव्या दिवसाच्या (पेंटेकॉस्टच्या) आधी. पवित्र आत्मा उतरल्यावर प्रेषितांच्या कृत्यांत नेमणुकीसाठी पुन्हा चिठ्ठ्या दिसत नाहीत. तिथून पुढे काय दिसतं ते तेराव्या अध्यायात वाचा: अंत्युखियाची मंडळी उपास आणि उपासना करत असताना आत्मा बोलतो आणि मंडळी बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवते. शौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर स्वतः प्रभू भेटला होता, तरीही मंडळीनं पाठवण्याची गरज उरलीच.

प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन हेच दोन भागांत मांडतो, मनातलं गुप्त पाचारण आणि मंडळीनं दिलेलं बाहेरचं. पाळकपदासाठी दोन्ही लागतात. तेव्हा ज्याला पाळक व्हायचंय त्याला वर्षभर एखादं न दिसणारं काम द्या. रविवारशाळेचा सर्वांत खोडकर वर्ग, किंवा घरी पडून असलेल्या सभासदांना दर आठवड्याला भेट. व्यासपीठ आणि माइक देऊ नका. वर्षानंतर त्या वर्गातल्या मुलांना आणि त्या आजारी माणसांना विचारा. वक्तृत्व असलेल्या मुलाला थेट उपदेशाला उभं केलं की मंडळी दिपते, तोही दिपतो आणि पारख राहून जाते.

जुना_सभासद
अनुमोदन. मदर तेरेसांचे उदाहरण इथे चपखल आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना 'पाचारणातले पाचारण' जाणवले. त्या आधीच लोरेटो संघाच्या व्रतस्थ धर्मभगिनी होत्या. कोलकात्याचे आर्चबिशप पेरिये यांनी लगेच होकार दिला नाही. प्रश्न विचारले, थांबवले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्या कॉन्व्हेंटबाहेर पडल्या. इतकी स्पष्ट हाक असूनही जवळजवळ दोन वर्षे लागली.

केडगावकर
पुण्यात शिबिर आहे आणि पंडिता रमाबाईंचा उल्लेख अजून नाही! 'दार बंद झालं म्हणजे देवाचा नकार' असं समजणाऱ्यांसाठी त्यांचा प्रवास तारखांसकट सांगा. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेजला बाप्तिस्मा, मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात अध्यापन. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. दुष्काळातल्या मुलीबाळींसाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी १९२२ मध्ये निधनापूर्वी पुरं केलं.

डॉक्टर होणं हे साधन होतं आणि ते मिळालं नाही. स्त्रियांना उभं करण्याची मूळ ओढ इंग्लंडला जाण्याच्या आधीपासून होती, १८८२ मधला पुण्यातला आर्य महिला समाज त्याच ओढीतून निघालेला. मुलांना दोन रकाने करायला सांगा: ओढ काय आहे, आणि त्यासाठी मी धरून ठेवलेलं साधन काय आहे. नीट पास झालो नाही, सेमिनरीनं नाकारलं, व्हिसा मिळाला नाही, हे सगळं दुसऱ्या रकान्यातलं.

तंबूवाला
केडगावकर, सुंदर. प्रेषितांची कृत्ये १६ जोडून घ्या. पौलाला आसियात वचन सांगू दिलं नाही, बिथुनियात जाऊ दिलं नाही, मग मासेदोनिया. दोन नकार आले तरी तो घरी परतला नाही. आणि ना. वा. टिळकसुद्धा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, त्यानंतर वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम, आणि १९१७ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार'. पाचारण विशीत एकदाच मिटवून टाकायचं प्रकरण आहे, असं शिबिरात वाटू देऊ नका.

निशिगंध
कुणाला विचारावं, हा प्रश्न मागे राहिला. क्वेकर या ख्रिस्ती पंथात एक पद्धत आहे. निर्णयाच्या उंबरठ्यावरचा माणूस पाच-सहा जणांना बोलावतो. प्रश्न दोन-तीन पानांत आधी लिहून देतो. ते दोन-तीन तास फक्त प्रश्न विचारतात. सल्ला नाही, उपदेश नाही, स्वतःची कहाणी नाही. मधल्या शांततेला घाबरायचं नाही.

जुना_सभासद
कागदावर छान वाटते. आपल्याकडे पाच वडील मंडळी एकत्र बसली की दहाव्या मिनिटाला उपदेश सुरू होतो. आणि काका-मामा समोर असताना मुलगी तोंड उघडणार नाही.

निशिगंध
म्हणूनच निवड जपून करायची. नातेवाईक नको, ज्याचा काही फायदा-तोटा आहे असा कुणी नको. निदान दोन स्त्रिया, एक जण दुसऱ्या मंडळीतला. एकानं फक्त नियम सांभाळायचा आणि 'तुला असं नाही का वाटत, की…' अशी सुरुवात झाली की थांबवायचं, कारण तो प्रश्नाच्या वेषातला सल्ला असतो. ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाच माहीत आहे असा प्रश्नही बाद. 'धर्मभगिनी होण्याआधी तुला लग्न नको का?' हा सल्ला झाला. 'दहा वर्षांनी रविवारी दुपारी तू कुठं आणि कुणाबरोबर असशील?' हा प्रश्न झाला. टिपणं एकानं घ्यायची आणि शेवटी तिच्याच हाती द्यायची, प्रत ठेवायची नाही.

मानसतज्ज्ञ
एक सावधगिरी. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही, असं असेल तर त्याला आध्यात्मिक शुष्कता समजून उपास वाढवायला लावू नका. डॉक्टरांकडे न्या. उलट प्रकारही बघावा: चार-पाच रात्री जेमतेम झोप, तरी थकवा नाही, डोक्यात भव्य योजना, पैसे वाटून टाकणं, 'देवानं मला खास निवडलंय'. किंवा आज्ञा देणारे आवाज. अशा वेळी पाचारणाची चर्चा पूर्ण थांबवायची, आधी उपचार. आणि तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करून ज्याला कधीच सुटल्यासारखं वाटत नाही, त्याच्या वहीतलं आत्मपरीक्षण पाच मिनिटांवर आणावं, त्याला ते वाढवून देऊ नये.

तंबूवाला
अवांतर: लग्नाचं काय? २६-२७ च्या मुलींना घरून स्थळं येतायत, त्यांना वर्षभर थांबा म्हणणं सोपं नाही.

रामवाडी
अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. पाळकाला लग्न करता येतं, आपल्याकडच्या लॅटिन विधीच्या फादरना नाही, त्यामुळे कॅथलिक मुलामुलींना ब्रह्मचर्य वेगळं पारखावं लागतं. लग्नाची भीती किंवा तुटलेलं नातं म्हणजे ब्रह्मचर्याचं पाचारण नव्हे. घरच्यांना ठरावीक तारीख सांगा, 'या इस्टरपर्यंत स्थळं थांबवा'. मोघम 'अजून नको' घरात टिकत नाही.

आणि घाई नसते हेही घरच्यांना दाखवा. नवदीक्षाकाळ किमान १२ महिने, त्यानंतर तात्पुरती व्रतं किमान तीन वर्षं, मगच कायमची. फादर होण्यासाठी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून सहा वर्षं, आणि दीक्षेला वयाची पंचविशी पूर्ण. या सगळ्या काळात कुणीही सन्मानानं परत येऊ शकतं. परत आलेल्याला लग्नात 'सेमिनरी सोडलेला' म्हणून नाकारू नये, हेही पालकांच्या सत्रात सांगा.

शालोम_पुणे
खूप आभार. आता असं ठरवतोय: पहिल्या दिवशी तंबूवाला यांचे आजच्या कामाबद्दलचे प्रश्न, योना आणि गेथशेमाने, संध्याकाळी वही. दुसऱ्या दिवशी रमाबाई, दोन रकाने, कर्ज आणि जबाबदारीचा कागद, नवसाबद्दल पालकांचं वेगळं सत्र. एकच अडलंय. समारोपाला हात वर करायला लावायचं नाही, हे काही वडील सभासदांना पटत नाही. समर्पणाशिवाय शिबिर कसलं, म्हणतात. आणि नंतरचं कोण बघणार?

रामवाडी
त्यांना इग्नेशियसच्याच दोन सूचना दाखवा, त्या त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहेत. चौदावी: साधक उत्साहात असेल तर मार्गदर्शकानं त्याला घाईघाईत वचन किंवा नवस करण्यापासून सावध करावं, आणि स्वभावानं चंचल असेल तर जास्तच. पंधरावी: मार्गदर्शकानं साधकाला कुठल्याही एका बाजूला ढकलू नये, निर्माता आणि त्याची निर्मिती यांना थेट बोलू द्यावं. समर्पण हवंच असेल तर सगळ्यांनी मिळून करावं, 'तू दाखवशील तिथं'.

एली याजक आठवा. रात्री देव बाल शमुवेलाला हाक मारत होता आणि एलीच बोलावतोय असं समजून तो त्याच्याकडे धावत होता. त्याच्या स्वतःच्या घरात अंधार होता, तरी तिसऱ्या खेपेला त्याला हाक ओळखू आली. शमुवेलाच्या वतीनं त्यानं ऐकलं नाही, निर्णयही दिला नाही. काय म्हणायचं ते सांगितलं आणि परत जाऊन झोपायला सांगितलं.

अंत्युखिया
नंतरचं बघायला दोन माणसं आत्ताच नेमा, एक पुरुष, एक स्त्री. ज्यांना बोलायचंय त्यांनी शिबिरानंतर तीस दिवसांनी, वही वाचून झाल्यावर, आपणहून फोन करायचा. नावांची यादी करू नका, पाळकांनाही देऊ नका. आणि पुढे शिफारसपत्र देणारी समिती आणि हे दोघं वेगळे ठेवा. कॅथलिक सेमिनरीत दीक्षेचा निर्णय घेताना आध्यात्मिक मार्गदर्शकाचं आणि पापनिवेदन ऐकणाऱ्याचं मत विचारायला बंदी आहे (नियम २४०), ती याचसाठी. आपण जे सांगू त्यावर प्रवेश ठरणार हे कळलं, की मुलं शंका सांगायची थांबतात.